स्टीमवर इंडी गेमचं पान करताना कॅप्सूल आणि वर्णन कसं असावं?

तुमचा प्रश्न असा: दोघांनी मिळून कोड्यांचा गेम केलाय. गडावर पडणारा पाऊस चर खोदून आणि झडपा उघड-बंद करून कातळातल्या टाक्यांपर्यंत न्यायचा. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, पान टाकताना कॅप्सूल (याद्यांमध्ये आणि पानावर दिसणारं गेमचं मुखचित्र) स्वतः करावं की चित्रकाराकडून करून घ्यावं, आणि वर्णनात आधी कथा यावी की वैशिष्ट्यं?

मी पुण्यात काही वर्षं इंडी (छोट्या, स्वतंत्र) टीम्ससाठी हेच काम करतोय, त्यामुळे सरळ सांगतो. कॅप्सूल चित्रकाराकडून करून घ्या, वर्णन स्वतः लिहा, आणि दोन्हींत खेळणारा या गेममध्ये नेमकं काय करतो ते आधी दिसू द्या. कथेला नंतर भरपूर जागा आहे.

कॅप्सूलबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक पानावर येणार की पुढे सरकणार हे तिथेच ठरतं. स्टीम तुमच्याकडून मुख्य कॅप्सूल १२३२×७०६, हेडर (पानाच्या माथ्याशी दिसणारं चित्र) ९२०×४३० आणि लहान कॅप्सूल ४६२×१७४ पिक्सेलचं मागतं. लहान कॅप्सूल पुढे आपोआप १८४×६९ आणि १२०×४५ पर्यंत आक्रसतं. स्क्रीनवर ते टपालाच्या तिकिटाहून मोठं दिसत नाही. आपण मात्र चित्र पास करतो मोठ्या मॉनिटरवर, पूर्ण स्क्रीनभर पसरवून. म्हणून एक चाचणी आजच करा. स्टीमवरच्या कोड्यांच्या गेम्सच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, तुमचं चित्र तेवढंच लहान करून त्या यादीच्या मधोमध चिकटवा आणि गेम माहीत नसलेल्या कुणाला तरी विचारा, हा गेम कसला असेल?

तुम्ही जोडलेलं चित्र मी असंच लहान करून पाहिलं. मोठं असताना ते खरंच देखणं आहे. मागे बुरूज, वर पावसाळी ढग, उतारावरची हिरवळ, उजव्या कोपऱ्यात नाव. पण १२० पिक्सेलला हिरवा-करडा पट्टा उरतो, नाव वाचता येत नाही, आणि हे कोडं आहे, लढाई आहे की नुसतं डोंगरात फिरणं आहे, काहीच कळत नाही. तुमच्या गेममध्ये लक्षात राहणारी गोष्ट आहे काळ्या कातळावरून धावणारं निळं पाणी, तेच चित्रात मध्यभागी आणा. गेममध्ये दिसतं तसंच वरून, तिरक्या कोनातून: दोन टाकी, त्यांच्यामध्ये काटकोनात वळणारा चर, अर्धी उघडलेली झडप, आणि चरात एकच झगझगीत रंग, पाण्याचा. गड दिसलाच पाहिजे असं वाटत असेल तर तटबंदीची एक कड पुरे. लहान कॅप्सूलमध्ये तर नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापली तरी चालेल, तिथे चित्र दुय्यम आहे.

नियमही माहीत हवेत. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कारांची चिन्हं, रिव्ह्यूचे तारे, सवलतीची जाहिरात, काहीही चालत नाही. खेळाडूच्या लायब्ररीत (घेतलेल्या गेम्सच्या संग्रहात) वर दिसणारं ३८४०×१२४० चं रुंद चित्र तर अक्षरांशिवाय द्यावं लागतं, त्यावरचा लोगो वेगळ्या पारदर्शक फाइलमधून येतो. म्हणून चित्रकाराशी बोलतानाच लेयर असलेली फाइल, सुटा लोगो आणि व्यावसायिक वापराचे हक्क लेखी ठरवून घ्या. काम संपल्यावर हा विषय काढला की दोघांनाही अवघड होतं.

चित्रकाराला द्यायच्या ब्रीफमध्ये (काय हवं ते सांगणाऱ्या टिपणात) ‘भव्य’, ‘जादुई’ असले शब्द नकोत. गेमची छोटी क्लिप पाठवा, त्याच प्रकारच्या पाच-सहा गेम्सची कॅप्सूल्स पाठवा, आणि आधी काळ्या-पांढऱ्या छोट्या रेखाटनांत तीन-चार रचना मागा. रचना तिथेच निवडा, रंग भरून झाल्यावर नाही. एआयने काढलेलं चित्र वापरायचा मोह होईल, पण जानेवारी २०२४ पासून स्टीम त्याची माहिती विचारतं आणि ती गेमच्या पानावर दिसते. हाताने घडवलेल्या छोट्या गेमसाठी मला तो सौदा तोट्याचा वाटतो. आणि चित्रकारांचं पोट या कामावर आहे, हेही माझ्या लेखी महत्त्वाचं आहे.

आता वर्णन. हेडरशेजारच्या छोट्या मजकुराला साधारण ३०० अक्षरांची मर्यादा असते. तुम्ही लिहिलंय: ‘एका प्राचीन गडाच्या रहस्यमय जगात हरवून जा. सुंदर ग्राफिक्स, मंत्रमुग्ध करणारं संगीत आणि ८० आव्हानात्मक लेव्हल्स.’ यातला ‘गड’ काढून ‘जंगल’ घातलं तर हाच मजकूर दुसऱ्या शंभर गेम्सना लागू पडेल. पानावर तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण मराठीत मी असं मांडेन: ‘पहिला पाऊस आलाय आणि गडावरची टाकी कोरडी आहेत. कातळात चर खोदा, झडपा उघडा-मिटा आणि पाणी उतारावरून टाक्यापर्यंत न्या. ना घड्याळ, ना शत्रू. हाताने रचलेली ८० कोडी.’ यात क्रियापदं खेळणाऱ्याची आहेत. ‘ना घड्याळ, ना शत्रू’ वाचून शांतपणे खेळणारे थांबतील आणि धावपळ हवी असलेले निघून जातील. जाऊ द्या त्यांना, नाहीतर तेच परतावा मागतात आणि वाईट रिव्ह्यू लिहितात.

‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेमचं छोटं वर्णन स्टीमवर जाऊन वाचाच. आजोबांची शेतजमीन तुमच्याकडे आलीय, हातात जुनी अवजारं आणि चार नाणी आहेत, अशी सुरुवात आहे. सगळं ‘तुम्ही’ला धरून. कथा आणि खेळ एकाच वाक्यात बसले आहेत, त्यामुळे कथा आधी की वैशिष्ट्यं हा प्रश्नच तिथे उरत नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला ‘राजी’ हा गेमसुद्धा पाहा. गेमच्या दृश्यांत पहाडी चित्रशैलीचा मोठा वाटा आहे, पण ओळख करून देताना पुढे येतात ती राजी, तिचा हिरावलेला धाकटा भाऊ आणि समोरचा असुर. जगात कुठल्याही खेळाडूला ते समजतं. तुमच्याही बाबतीत परक्या देशातल्या माणसाला ‘टाकं’ ठाऊक नसणार, पण वाहतं पाणी सगळ्यांना कळतं. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांची खरी गोष्ट खालच्या मोठ्या वर्णनात एका परिच्छेदात जरूर सांगा, तिथे ती वाचायला लोक थांबतील.

मोठं वर्णन सुरुवातीला थोडंच दिसतं, बाकीचं ‘आणखी वाचा’खाली दडतं. म्हणून वरच्या भागात दोन ओळी आणि एक छोटी हलती क्लिप ठेवा: खेळाडू झडप फिरवतो, पाणी वळतं, टाकं भरतं. त्यानंतर एका क्लिपमध्ये एकच यंत्रणा.

स्क्रीनशॉट किमान पाच लागतात, १९२०×१०८० चे, आणि ते खेळतानाचेच हवेत. मेनूचे नकोत. पहिले चार एकमेकांपासून अगदी वेगळे निवडा, कारण बरेच जण तेवढेच बघतात. ट्रेलरची सुरुवात स्टुडिओच्या लोगोने करू नका, पाण्याने करा. टॅग (गेमचा प्रकार सांगणारे शब्द) वीसपर्यंत देता येतात, पण कोडं, तर्क, निवांत असे खरे लागू पडतील तेच द्या. चुकीच्या टॅगने चुकीची माणसं येतात. शक्य झालं तर वर्णनाचं सरलीकृत चिनीतही (Simplified Chinese) भाषांतर करून घ्या. स्टीमवर इंग्रजीच्या जोडीला ती सर्वांत मोठ्या भाषांपैकी आहे.

‘लवकरच येत आहे’चं पान रिलीजच्या किमान दोन आठवडे आधी लागतं हा नियम आहे. तुम्ही त्याच्या कितीतरी महिने आधी लावा, म्हणजे विशलिस्ट (गेम नंतर घ्यायचा म्हणून लोकांनी करून ठेवलेल्या नोंदी) जमायला वेळ मिळेल आणि चाचपणीही होईल. स्टीमवर्क्समध्ये (गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटवर) तुमचं कॅप्सूल किती वेळा दिसलं आणि किती लोक पानावर आले, हे आकडे दिसतात. कॅप्सूल बदला, पण त्याच आठवड्यात टॅग आणि ट्रेलर बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. नेक्स्ट फेस्टमध्ये (येऊ घातलेल्या गेम्सच्या डेमोंच्या स्टीमवरच्या महोत्सवात) एका गेमला एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे हे सगळं त्याच्या आधी पक्कं करा. चित्रकाराचं काम तोवर झालं नसेल, तर फेस्ट पुढच्या खेपेवर ढकला.