निवारा केंद्रातील कुत्र्यांना फिरवण्याचे काम अननुभवी माणसाला जमेल का, आणि त्याचा उपयोग होतो का?

आधी कुत्रा पाळलेला नसला तरी हे काम नक्की जमते. माझ्याही घरी कधी कुत्रा नव्हता, आणि गेली सहा वर्षे मी दर शनिवारी सकाळी पुण्याबाहेरच्या एका निवारा केंद्रात जाते. उपयोगाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने पहिल्याच आठवड्यात मला विचारला होता. "जन्मभर रस्त्यावर हिंडलेल्या कुत्र्याला आणखी काय फिरवायचे? दोन वेळा खायला मिळते, ते पुरे आहे."

तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते खंड्यामुळे मिळाले. गाडीची धडक बसून मागचा पाय मोडलेला हा तांबडा कुत्रा पाच महिने पिंजऱ्यात होता आणि पाय बरा झाल्यावरही बाहेर येत नव्हता. दार उघडले की पोट फरशीला चिकटवून, कान मागे पाडून तो मागच्या भिंतीकडे सरकत असे. दुसऱ्या शनिवारी मी कसेबसे त्याला दारापर्यंत आणले आणि घाईने दोरी ओढली. त्याने मान खाली घालून मागे हिसका दिला, गळपट्टा डोक्यावरून निसटून माझ्या हातात राहिला आणि तो फाटकातून पळाला. तिथल्या कामगाराने पाऊण तासाने त्याला उसाच्या शेतातून उचलून आणले, तेव्हा तो थरथर कापत होता. चूक सर्वस्वी माझी होती. पुढचे तीन शनिवार मी त्याच्या दाराशी पाठ करून नुसती बसून राहिले. चौथ्या शनिवारी माझ्या कोपराला ओले नाक लागले. त्या दिवशी छातीभोवती बसणारा हार्नेस घालून आम्ही कुंपणालगत जेमतेम वीस पावले गेलो, आणि त्यातला बहुतेक वेळ तो एकाच विजेच्या खांबाचा बुंधा हुंगत उभा होता. कुत्र्याला असे हुंगू द्यावे. फिरण्यातला अर्धा आनंद त्यातच असतो.

ज्याने स्वतःच्या मर्जीने चार गल्ल्या पालथ्या घातल्या आहेत, त्याला पिंजरा अधिकच जाचतो, हे माझ्या भावाला कधी पटले नाही. तो वकील आहे, म्हणून कायद्याचेच सांगते. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणे ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये इतकाच असला, तरी नुसते खायला घालणे पुरेसे नाही, हे संसदेने तेव्हाच मान्य केले होते.

आपण जाणार असाल तर एक वार ठरवून घ्या आणि तो मोडू नका. महिन्यातून एकदा येऊन फोटो काढणाऱ्यांचा कुत्र्यांना काहीही उपयोग नसतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे, कारण तापलेल्या डांबराने पंजे भाजतात. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लांना बाहेर नेऊ नये, आणि परिसरातली मोकाट कुत्री अंगावर येत असतील तर आवारातच फिरवावे. शेवटी लिहिते आहे, पण करायचे सर्वांत आधी: डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. लस घेतलेली असली तरी कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी लागते आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे लागते.