छाला कुठे आहे आणि किती दिवसांचा आहे

ताई, आपण लिहिले आहे की हिंगण्याकडे वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या वीस वर्षांच्या मुलाला दीड-दोन महिन्यांआड तोंड येते, घरातली मोठी माणसे त्याला उष्णता म्हणतात, गुलकंद आणि सब्जा देऊन झाला, बी-कॉम्प्लेक्सही देऊन झाले, आणि आता अँटिबायोटिक द्यावे का, असा आपला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. कॉलेजात असल्यापासून पंचावन्नाव्या वर्षापर्यंत हेच दुखणे सोबत घेऊन फिरलेला माणूस आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

अँटिबायोटिक आपल्या मनाने देऊ नका. छाल्यावरचा पांढरट-पिवळा थर पाहून पू झाला असे वाटते, पण तो पू नसतो. जखम भरत असताना तिच्यावर धरलेली ती साय असते, ती खरवडूही नये. औषधाच्या एका दुकानातून मला एकदा पाच दिवसांच्या कॅप्सूल मिळाल्या होत्या. छाला त्याच्याच वेळेवर गेला आणि पोट मात्र आठवडाभर बिघडून राहिले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, भोवती लाल कडा असलेला, ओठांच्या किंवा गालाच्या आतल्या बाजूला अथवा जिभेखाली उठलेला साधा छाला सात ते चौदा दिवसांत, काही केले नाही तरी, व्रण न ठेवता भरून येतो. म्हणूनच आठव्या-नवव्या दिवशी जो उपाय हाताशी असेल त्याला यश मिळते, आणि प्रत्येक घराचा रामबाण वेगळा असतो. हा छाला एकाचा दुसऱ्याला होत नाही, मुलाचे ताट-पेला वेगळा ठेवू नये. ओठाच्या बाहेरच्या कडेवर पाण्याने भरलेल्या फोडांचा घोस येतो ती नागीण कुळातल्या विषाणूची गोष्ट. ती मात्र संसर्गाने पसरते.

आता उष्णता. नागपूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला हे कारण पटकन पटते, मलाही पटले होते. पुढे मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छाला उठला त्या तारखेला गोल करू लागलो, आणि वर्षाअखेर पाहतो तो मे महिन्यात एक गोल आणि डिसेंबरात तीन. त्या तिन्ही गोलांच्या आधी कार्यालयातल्या हिशेबाची जागरणे होती, आणि दोन छाले गालाच्या एकाच ठिकाणी होते, जिथे दाढेची एक तुटकी कड घासत असे. दंतवैद्याने ती कड दहा मिनिटांत गोल करून दिली, त्यानंतर त्या जागी छाला उठला नाही. मुलालाही तारखा लिहायला सांगा. परीक्षा, जागरण, चावलेला गाल, नवा ब्रश, कारण बहुधा अशातच सापडते. सावजी रस्सा किंवा तर्री छाला निर्माण करते असे मला दिसले नाही, असलेला छाला ती पेटवते एवढे खरे. पुष्कळ फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट काहींना मानवते. महिनाभर वापरून पाहण्यात नुकसान नाही.

इतक्या वारंवार तोंड येत असेल तर रक्ताची तपासणी मात्र टाळू नका: हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी-१२ आणि फोलेट. गोळ्या चालू असताना बी-१२चा आकडा फसवा येतो, त्यामुळे आधी काय दिले ते डॉक्टरांना सांगा. आमच्या घरात अंडेही येत नाही. त्यामुळेच असेल, माझे बी-१२ फारच खाली निघाले, आणि ते भरून निघाल्यावर छाल्यांची वारंवारिता खरोखर घटली. छाल्यांबरोबर जुनाट जुलाब, वजन घटणे, डोळे लाल होणे किंवा गुप्तांगावर जखमा असतील तर ते आतल्या आजाराचे लक्षण असू शकते. तेव्हा थेट फिजिशियनकडे जावे.

दुखणे कमी करण्यासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि दंतवैद्याने लिहून दिलेले ट्रायमसिनोलोनचे तोंडात लावायचे मलम, एवढे मला पुरते. हे मलम बहुतेक लोक चुकीचे लावतात. रात्री दात घासून झाल्यावर कापसाने छाला हलकेच टिपून कोरडा करावा, ज्वारीच्या दाण्याएवढे मलम बोटाच्या टोकावर घेऊन फक्त दाबावे, चोळू नये. चोळले की त्याचे रवाळ कण होऊन ते निघून येते, दाबले तर गुळगुळीत पापुद्रा धरतो. छाला उठण्याआधी त्या जागी चुणचुण होते, तेव्हाच सुरुवात केली तर गुण अधिक. अ‍ॅस्पिरिनची गोळी किंवा चुना छाल्यावर ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने कातडी भाजते.

शेवटी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण वसतिगृह आणि वय पाहून लिहावी लागते. मुलगा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण, खातो का, हे न रागावता विचारा. तंबाखू नुकताच सोडला असेल तर पहिले काही आठवडे छाले वाढू शकतात, त्या भीतीने त्याने पुन्हा सुरू करू नये. चालू असेल तर त्याला तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत घालायला सांगा. ती जात नसतील, तिखट नुसते लागताच आग होत असेल, किंवा एखादी न दुखणारी, कडक कडेची जखम तीन आठवडे उलटूनही तशीच असेल, तर मलम बाजूला ठेवून त्याला त्याच आठवड्यात नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.