प्रत्यारोपित हृदयाच्या धमन्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हृदय-प्रत्यारोपण होऊन मला तीन वर्षे झाली. छातीत एकदाही दुखलेले नाही. मग दरवर्षी अँजिओग्राफी कशासाठी?

उत्तर : छातीत न दुखणे ही तुमच्या बाबतीत भरवशाची खूण नव्हे. दात्याचे हृदय काढताना त्याचे मज्जातंतू कापले जातात आणि पुढे ते जुळले तरी अर्धवटच जुळतात. त्यामुळे स्नायूला रक्त कमी पडू लागले तरी वेदना बहुधा जाणवत नाही. पहिले लक्षण थेट धाप लागण्याचे, लय बिघडण्याचे किंवा क्वचित अकस्मात मृत्यूचेही असू शकते. प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांनी सुमारे एकतृतीयांश आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्या रुग्णांत प्रत्यारोपित हृदयाच्या धमन्या जाड व अरुंद होण्याचा हा धमनीविकार आढळतो, म्हणूनच लक्षणांची वाट पाहिली जात नाही.

प्रश्न : वडिलांची अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी डॉक्टर आयव्हस (धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी केलेली तपासणी) करायला सांगतात. ते खरोखर गरजेचे आहे का?

उत्तर : अँजिओग्राफीत धमनी दिसत नाही, धमनीतला रंगद्रव दिसतो. नेहमीच्या हृदयविकारात चरबीचा थर बहुधा एखाद्या जागी साचतो आणि शेजारच्या निरोगी भागाशी ताडून किती टक्के अडथळा आहे ते ठरवता येते. प्रत्यारोपित हृदयात मात्र धमनीचे आतले अस्तर बहुधा चहूबाजूंनी आणि लांबवर जाड होत जाते, त्यामुळे तुलनेला निरोगी भागच उरत नाही. शिवाय सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूने फुगून आतली वाट मोकळी ठेवते.

आयव्हसमध्ये ध्वनिलहरींचे टोक असलेली बारीक नळी धमनीत दूरवर नेऊन संथ, एकसमान वेगाने मागे ओढतात. पडद्यावर वर्तुळे उमटतात : मधोमध रक्ताची काळसर वाट, भोवती अस्तराची उजळ पट्टी, तिच्याबाहेर मधल्या थराचे गडद कडे. ही उजळ पट्टी मोजायची असते. पहिल्या चार ते सहा आठवड्यांतली आणि वर्षानंतरची मोजणी धमनीच्या एकाच ठिकाणी, फांद्यांच्या खुणेवरून जुळवून घेतात, जाडी ०.५ मिलिमीटर किंवा अधिक वाढली असेल, तर पुढचा धोका वाढलेला असतो. माझ्या मते सुरुवातीची मोजणी नसेल तर या तपासणीचे मोल निम्म्यावर येते, कारण थोडी जाडी दात्याकडूनच आलेली असू शकते. ओसीटी या धमनीच्या आतूनच होणाऱ्या दुसऱ्या तपासणीत ध्वनिलहरींऐवजी प्रकाशकिरण वापरतात. तिच्यात १० ते २० मायक्रॉनपर्यंतचे बारकावे दिसतात, मात्र ती फार खोलवर पाहू शकत नाही आणि तिच्यासाठी रंगद्रव सोडून रक्त क्षणभर दूर सारावे लागते.

प्रश्न : नळी न घालता सीटी अँजिओग्राफीवर भागणार नाही का?

उत्तर : काही रुग्णांत भागते. ती भिंतही दाखवते, आणि चांगल्या प्रतीची सीटी स्वच्छ आली तर मोठ्या धमन्यांतला लक्षणीय विकार बऱ्याच खात्रीने नाकारता येतो. अडचण ठोक्यांची आहे : गती मंदावणारा मज्जातंतू तुटल्याने हे हृदय विश्रांतीतही बहुधा मिनिटाला ९० ते ११० वेळा धडधडते आणि जुन्या यंत्रांवर चित्र पुसट येते. बारीक फांद्या निसटतात. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांनी आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर रंगद्रवाचा भार पडतो, तो वेगळाच.

प्रश्न : स्ट्रेस इको आणि पेट स्कॅन यांत काय निवडावे?

उत्तर : स्ट्रेस इको, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी, सोपी आहे, पण सुरुवातीचा विकार तिच्यातून सुटतो. स्नायूचा रक्तपुरवठा दाखवणाऱ्या साध्या परफ्युजन स्कॅनमध्ये स्नायूच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना होते; तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील, तर चित्र फसवे समतोल दिसते. पेट स्कॅन मात्र प्रत्येक ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळते ते मोजतो, त्यामुळे सूक्ष्म वाहिन्यांतला बिघाडही हाती लागतो. सोय असेल तर माझा कौल पेटला.

प्रश्न : अहवालात ‘सीएव्ही १’ लिहिले आहे. स्टेंट घालावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. सीएव्ही म्हणजे वर सांगितलेला धमनीविकारच. २०१० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ० ते ३ अशा श्रेणी आहेत आणि १ म्हणजे सौम्य विकार. स्टेंट उपयोगी पडतो तो एका जागच्या अडथळ्याला, लांबवर पसरलेल्या जाडीला नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) चालू आहे ना आणि सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधांकडे वळणे तुमच्या मूत्रपिंडांना व एकूण प्रकृतीला मानवेल का, हे दोन प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावेत.