आकडा कशाचा, हुकूम कुणाचा? गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका पुस्तकात ‘गोव्यात हजारो हिंदू जिवंत जाळले’ असं वाचलं. चर्चची बाजू मांडणारी एक पुस्तिका मात्र ‘दोनशे वर्षांत फक्त ५७’ असं म्हणते. खरं कोण?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ५७ हा आकडा हवेतून आलेला नाही. १५६१ ते १७७४ या काळात गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती माणसांचं धर्माचरण तपासणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, १६,२०२ माणसांवर खटले चालवले, त्यांतल्या ५७ जणांना प्रत्यक्ष देहदंड झाला आणि ६४ जणांचे पुतळे जाळले, अशी मोजदाद नेहमी दिली जाते. (काही पुस्तकांत खटल्यांचा आकडा १६,१७२ असा छापलेला दिसेल.) मात्र हे आकडे वापरण्याआधी त्यांत काय मोजलं आहे ते पाहायला हवं.

पुतळा जाळत तो पळून गेलेल्या किंवा आधीच मरण पावलेल्या आरोपीचा. म्हणून ५७ आणि ६४ यांची बेरीज करून ‘१२१ जणांना जाळलं’ असं लिहिणं चूक आहे. ‘जिवंत’ हा शब्दही सरसकट लागू होत नाही. कॅथलिक म्हणून मरण पत्करायला जो तयार होई, त्याचा आधी गळा आवळत आणि मग देह जाळत. ‘हिंदू’ या शब्दाचीही तीच गत. इन्क्विझिशनचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्या माणसावर होता. ज्यू वंशातले नवख्रिस्ती आणि बाटल्यावरही घरात जुने कुळाचार पाळणारे गोवेकर हे त्याचे मुख्य आरोपी. बाप्तिस्मा न झालेल्या हिंदूवरही बालंट येई, पण ते धर्मांतरात अडथळा आणल्याचं किंवा ख्रिस्ती माणसाला देवकार्यात ओढल्याचं.

आता पुस्तिकेतल्या ‘फक्त’कडे वळू. देहदंडाच्या मोजणीत कोठडीत मेलेला माणूस येत नाही. गलबतावर वल्ही मारायला धाडलेला येत नाही, हद्दपार झालेला येत नाही, ज्याच्या मिळकतीवर टाच आली तोही येत नाही. सोळा हजारांतून ५७ वजा केल्यावर उरणारी माणसं घरी सुखरूप परतली, असा समज ‘फक्त’ हा एक शब्द करून देतो, आणि तो साफ खोटा आहे. शिवाय ही मोजणी १७७४ला थांबते. त्या साली बंद झालेलं न्यायालय १७७८मध्ये पुन्हा सुरू झालं आणि कायमचं उठलं ते १८१२मध्ये.

बचावाच्या लेखनात आणखी एक वाक्य हटकून येतं : ‘चर्चने एकालाही मारलं नाही.’ कागदावर ते खरं आहे. इन्क्विझिशन दोषी माणसाला राजसत्तेच्या हवाली करी आणि मृत्यूची शिक्षा सरकारी न्यायाधीश सुनावी. पण हवाली केलेल्या माणसाला सोडून देण्याची मुभा त्या न्यायाधीशाला व्यवहारात नव्हती.

हीच ओढाताण स्पेनबद्दलही झाली. तिथल्या इन्क्विझिशनचा माजी सचिव हुआन अंतोनियो ल्योरेंते याने १८१७-१८मध्ये इतिहास लिहून जाळलेल्यांची संख्या सुमारे ३२ हजार दिली. काही वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, सरासरी काढायची आणि ती उरलेल्या वर्षांना लावायची, अशी त्याची रीत होती. पुढे हेनिंगसेन आणि कोंत्रेरास या अभ्यासकांनी १५४० ते १७०० या काळातल्या खटल्यांचे वार्षिक अहवाल एकेक करून मोजले. ४४,६७४ खटले भरले आणि प्रत्यक्ष देहदंड ८२६. लगेच दुसरी बाजू ‘स्पेनमध्ये एकूण ८२६’ असं लिहू लागली. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांवर सर्वांत भयंकर पाळी आली ती १४८० ते १५३०च्या दरम्यान, आणि ती वर्षं या मोजणीत नाहीतच. आकड्याशेजारी सालं छापलेली नसतील तर तो आकडा कुठेही उद्धृत करू नका.

प्रश्न : इन्क्विझिशनने गोव्यातली देवळं पाडली आणि कोकणीवर बंदी घातली, असं शाळेपासून ऐकत आलो. बरोबर आहे का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : देवळं पाडली गेली, कोकणीविरुद्ध हुकूमही निघाला. पण ही दोन्ही कामं इन्क्विझिशनच्या नावावर मांडणं चूक आहे.

तिसवाडी बेटावरची देवळं १५४०च्या सुमारास पाडली. इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६०मध्ये. बारदेस आणि साष्टीतल्या देवळांवर घाला आला तो १५६६-६७मध्ये. नवं देऊळ बांधू नये, जुन्याची डागडुजी करू नये, हा १५६६चा हुकूम व्हाइसरॉय आंताव द नोरोन्याचा, आणि पाडापाडीचं कामही सरकारी अधिकाऱ्यांनी उरकलं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती याच काळात. जुवारीपलीकडचा फोंडा महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या हाताबाहेर होता म्हणूनच देव तिथे नेता आले. १६८४चा कोकणीविरोधी हुकूमही व्हाइसरॉयचा, कोंद द आल्व्होरचा. त्यामागे फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा आग्रह होता.

इन्क्विझिशनचा स्वतःचा हुकूम पाहायचा तर १७३६चा पाहा. ख्रिस्ती घरांतल्या लग्नाच्या रीती, खाणं, धोतर-चोळीसारखा पेहराव, परसातली तुळस, असं सगळं त्यात बंद केलेलं आहे. देवळं पाडण्याचा इतिहास वाचताना डोळ्यांपुढे फौजफाटा येतो. हा हुकूम मात्र थेट स्वयंपाकघरात शिरतो. लोकप्रिय पुस्तकं इतक्या मोलाच्या कागदाला दोन ओळींत उरकतात, याचं फार वाईट वाटतं.

राजा आणि व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि त्याची प्रांतिक परिषद, जेझुइट-फ्रान्सिस्कनांसारखे संघ, आणि इन्क्विझिशन : गोव्यात एवढी सत्तास्थानं होती. ती एकमेकांना साथ देत, कधी आपसांत भांडतही. ‘चर्चने केलं’ असं मोघम वाक्य दिसलं की शेजारी पेन्सिलीने ‘कुणी? कोणत्या साली?’ असं लिहा. मात्र वेगळं सत्तास्थान म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. व्हाइसरॉयच्या सहीमागे पाद्र्यांचा रेटा किती, हा प्रश्न दर हुकुमाला स्वतंत्रपणे विचारायचा असतो.

प्रश्न : संत फ्रान्सिस झेवियर यांनीच इन्क्विझिशन मागवलं, हे खरं का? आमच्याकडे हे कुणी मान्य करत नाही.
– एक वाचक, वसई

उत्तर : मागणी त्यांनी केली होती. १६ मे १५४६ रोजी अंबोइना बेटावरून पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला लिहिलेल्या पत्रात ती आहे. कारण म्हणून मोझेसच्या नियमाप्रमाणे (म्हणजे ज्यू धर्माप्रमाणे) आणि मुसलमानी पंथाप्रमाणे बिनदिक्कत वागणाऱ्यांचा उल्लेख येतो. तिथे हिंदूंचं नाव नाही. झेवियर १५५२मध्ये वारले, न्यायालय आठ वर्षांनी आलं. भक्तिपर चरित्रं हे पत्र गाळतात. टीकाकार पत्र छापतात पण कारणाचं वाक्य गाळतात आणि झेवियर यांनी स्वतः न्यायालय चालवल्यासारखं लिहितात. पत्र पूर्ण छापणारं पुस्तक निवडा.

प्रश्न : डेलॉनचं पुस्तक प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये छापलं गेलं, म्हणजे तो प्रचारच ना? आणि गोव्यातली दप्तरं जाळली असतील तर बाकीचा अभ्यास कशाच्या जोरावर चालतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शार्ल डेलॉन हा फ्रेंच वैद्य. दमणला पकडला गेला, गोव्याच्या कोठडीत राहिला आणि १६७६च्या जानेवारीत जाहीर शिक्षेच्या मिरवणुकीत चालला. गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं त्याचं पुस्तक १६८७मध्ये आलं. कॅथलिकविरोधी वाचकांत ते हातोहात खपलं हे खरं, पण डेलॉन स्वतः कॅथलिक होता. त्याच्या मजकुराचे दोन भाग करून वाचा. कोठडी, जेवण, चौकशीची पद्धत, अंगावर चढवलेला झगा, हे त्याने पाहिलेलं आणि भोगलेलं आहे. कामकाजाचा भाग पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या १६४०च्या नियमावलीशी ताडून पाहता येतो. इतर कैद्यांच्या कहाण्या आणि न्यायालयाच्या हेतूंबद्दलचे तर्क ऐकीव समजा.

१८१२नंतर गोव्यातली दप्तरं नष्ट केली गेली, त्यामुळे खटल्यांचे मूळ कागद फारच थोडे उरले. तरी हात अगदी रिकामे नाहीत. जुआंव देल्गादो फिगेरा या अधिकाऱ्याने १६२३मध्ये तोवरच्या ३,८०० खटल्यांची सूची तयार केली होती. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. शिक्षा झालेल्यांच्या याद्या लिस्बनच्या तोरे दो तोंबो दप्तरखान्यात मिळतात. अनंत काकबा प्रियोळकरांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ १९६१मध्ये मुंबईत निघाला. त्यात डेलॉनचा मजकूर आणि १७३६चा हुकूम एकाच ठिकाणी वाचता येतात, म्हणून सुरुवात तिथून करा. आणि गोव्याच्या इन्क्विझिटरांनी वरिष्ठांना लिहिलेली पत्रं वाचायची असतील, तर त्यांचे जाड बाड आज रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.