टर्बो पेट्रोल गाडी स्लो करताना बंद पडते, फ्युएल पंप बदलू का?

पंप आत्ता बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे जुनी 1.8 टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, जरा पळवून आणली आणि सिग्नलला रेस सोडून क्लच दाबला की आरपीएमचा काटा सरळ खाली जाऊन गाडी बंद, परत सेल्फ मारला की लगेच चालू, आणि वरच्या स्पीडला काहीच तक्रार नाही, ह्यात पंप कुठे बसतच नाही. पंप थकला की गाडी ओढताना रडते, घाट चढताना, फुल रेस दिल्यावर, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागतं. स्लो करताना तर उलट, रेस पूर्ण सोडली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल मारणारे इंजेक्टर थोडा वेळ बंदच ठेवतो आणि आरपीएम खाली आलं की परत सुरू करतो. नेमकं त्या वेळी हवेचा हिशोब चुकला तर इंजिन सावरत नाही, आपटतं.

आणि तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून टाकलंय की आधीच्या मालकाने "पुस्स" आवाज करणारा व्हॉल्व्ह बसवलाय. अहो, मेन गोष्ट तीच आहे!

रेस सोडली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, पटकन बंद होतो पण टर्बो अजून फिरतच असतो, मग मधल्या पाईपात कोंडलेली हवा कुठेतरी सोडावी लागते. कंपनीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह ती हवा परत टर्बोच्या तोंडाशी, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या पुढे नेऊन सोडतो. ती एकदा मोजलेली हवा असते, ती आतल्या आत फिरते, हिशोब बिघडत नाही. बाहेर उडवणारा ब्लो ऑफ व्हॉल्व्ह मोजलेली हवा रस्त्यावर फेकतो आणि ईसीयूला पत्ताच नसतो, तो त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल मारतो, मिक्स्चर एकदम रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) येता येता इंजिन गुदमरतं. त्यात त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ असेल तर आयडलला मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलपासून इंजिनात हवा नेणारा भाग) व्हॅक्यूमने तो थोडा उघडाच राहतो, मग न मोजलेली हवा आत येते, म्हणजे दोन्हीकडून मार. आता कोणी म्हणेल मी पण बसवलाय, मला काही होत नाही, तर त्याच्या गाडीत एअर फ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डच्या प्रेशरवरून हवा मोजणारी सिस्टीम असेल, तिथे हा प्रॉब्लेम सहसा येत नाही. यूट्यूबवर हे कोणी सांगत नाही, आवाज तेवढा ऐकवतात.

तर पहिलं काम, कंपनीसारखा रिटर्नवाला व्हॉल्व्ह परत बसवा आणि त्याचा परतीचा पाईप नीट क्लिप लावून जोडा. 1.8 टर्बोला 710एन नावाने ओळखला जाणारा व्हॉल्व्ह लोक डोळे झाकून बसवतात. जुना पडून असेल तर आधी तपासा, आतला रबरी डायफ्राम फाटतो. बोटाने आतला पिस्टन दाबून ठेवा, वरच्या बारीक नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि बोट सोडा, पिस्टन तसाच राहिला तर ठीक, लगेच परत आला तर डायफ्राम गेला.

एवढ्याने थांबलं नाही तर मग लीक शोधा. ईसीयूचे आकडे मोबाईलवर दाखवणारा ब्लूटूथवाला स्वस्त डोंगल घ्या आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय की कमी करतोय) बघा, आयडलला आणि चालताना वेगवेगळं. टर्बो ते थ्रॉटल मधला पाईप किंवा इंटरकूलरचा होज फाटला असेल तर बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबत असताना) मोजलेली हवा बाहेर जाते आणि ट्रिम मायनसकडे जातं, आयडलला तिथूनच बाहेरची हवा आत येऊ शकते आणि ट्रिम प्लसकडे. नुसतं आयडललाच दहा टक्क्यांच्या वर प्लस असेल तर मॅनिफोल्डच्या बाजूचे व्हॅक्यूम पाईप आणि पीसीव्हीचे (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणारी सिस्टीम) होज बघा, ह्या इंजिनचे ते होज उष्णतेने कडक होऊन तडकतात आणि खालच्या बाजूने तडकतात त्यामुळे वरून बघून कळत नाही, हात घालून चाचपावे लागतात. चांगल्या गॅरेजात टर्बोच्या तोंडाला टोपण लावून अर्धा बारच्या आसपास हवा भरतात आणि साबणाचं पाणी मारतात, फुगा येईल तिथे लीक. जास्त प्रेशर भरू देऊ नका, इंजिनची ऑइल सील उडतील.

एअर फ्लो सेन्सरवर शंका असेल तर इंजिन बंद असताना त्याचा प्लग काढून ठेवा आणि एक राउंड मारून या. चेक लाइट लागेल, घाबरू नका, ईसीयू अंदाजाने चालवतो. तशी चालवून बंद पडायचं थांबलं तर गडबड हवेच्या मोजणीतच आहे, सेन्सर खराब किंवा मोजलेली हवा कुठेतरी निसटतेय.

थ्रॉटल बॉडी साफ केली म्हणालात, पण नंतर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन केलं का? काळ्या थराच्या हिशोबाने ईसीयू थ्रॉटल किती उघडा ठेवायचा ते शिकलेला असतो, साफ केल्यावर ते परत शिकवावं लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण बरेच जण करतच नाहीत.

अजून एक, बंद पडताना आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा (शेजारी कोणाला तरी बसवून, आणि रिकाम्या रस्त्यावर, कारण इंजिन बंद झालं की स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकचं बूस्टर दोन-तीन दाबांत संपतं). काटा डगमगत, झटके देत खाली आला तर हवा-पेट्रोलची भानगड. गाडी गिअरमध्ये घरंगळत असतानाच काटा खटकन शून्यावर पडला तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा क्रँक सेन्सर बघा, तो गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाला की शहाण्यासारखा चालतो. आणि ब्रेक दाबल्यावरच बंद पडत असेल, नुसत्या रेस सोडण्याने नाही, तर उभ्या गाडीत आयडलला ब्रेक दाबून धरा, फुस्स ऐकू आलं आणि आरपीएम पडलं तर ब्रेक बूस्टर लीक आहे.

डिझेलवाल्यांनी ह्यातलं व्हॉल्व्हचं पुराण सोडून द्यावं, त्यांनी आधी ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का ते बघावं.

व्हॉल्व्ह बदलून झाला की आयडलचं आणि तिसऱ्या गिअरला ओढतानाचं ट्रिम दोन्ही इथे टाका, मग पुढचं बघू.