टक्का उतरला, मग पोरं पुण्याला का?

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. सासूबाई आणि मी विड्या वळतो, मालक टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला आहेत. थोरला मुलगा आयटीआय करून चाकणला ठेकेदाराकडे लागलाय, धाकटाही तिकडेच निघालाय. देशातली बेकारी 6 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली असं वाचलं. इथं तर घरटी एक पोरगा बाहेर आहे. हा आकडा खरा मानायचा का? आणि धाकट्याला थांबवू का?

उत्तर : ताई, आकडा खोटा नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत 2017-18 साली बेकारीचा दर 6.1 टक्के होता, 2023-24 साली 3.2 टक्के. पण तो सगळ्या देशाचा आहे आणि त्यात 'कामावर' कोणाला धरतात ते पाहिलं की तुमच्या गल्लीचा उलगडा होतो.

या मोजणीत वर्षभरात 30 दिवस काम केलेला माणूसही कामकरी ठरू शकतो. आठवड्याचा वेगळा दर काढतात, त्यात सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी पुरतं. घरच्या धंद्याला बिनपगारी हात लावणाराही कामकरीच. माझी आई विड्या वळायची. कारखान्यातून 'पान कमी आलंय, पाचशेच वळा' असं सांगून पाठवलं की हजाराची मजुरी अर्ध्यावर यायची, त्यातून चेकरनं नापास केलेल्या विड्या वजा. पानं कातरायला आम्ही पोरी बसायचो, त्याचे पैसे वेगळे नव्हतेच. अशा आठवड्यातही आई बेकार ठरली नसती. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, म्हणून तो बेकारांच्या यादीत येतच नाही. सोलापूरचं दुखणं हाताला काम नसण्यापेक्षा अपुऱ्या कामाचं आणि तुटपुंज्या मजुरीचं जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. तुमचा थोरला आता पुण्याकडच्या कामकऱ्यांत जमा. इथं कामाविना बसला असता तर इथल्या बेकारांत धरला असता; निघून गेल्यानं इथला बेकारीचा दर कमीच दिसेल!

हे आजचं नाही. 1877 साली सुरू झालेली 'जुनी मिल' ही सोलापूरची कापडगिरणी साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात. मिलमध्ये पगाराची तारीख होती, फंड होता, रजा होती. तिथून सुटलेले हात यंत्रमागावर गेले आणि बारा तासांची पाळी करू लागले. पुढे पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी चादरीचं गिऱ्हाईक पळवलं. टॉवेलनं बराच सांभाळ केला, पण शिकलेल्या पोराला मागावर उभं राहायचं नाही आणि त्याला मी दोष देणार नाही. त्याच्या शिक्षणाजोगे कारखाने चिंचोळी एमआयडीसीत पुरेसे आले असते, तर एवढी पोरं गेली नसती.

धाकट्याला अडवू नका. मात्र जाण्याआधी चिंचोळीत आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिकाऊ उमेदवारीची चौकशी करू द्या. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राची नोंदणी ऑनलाइन होते, तीही करावी. मेळाव्यांची खबर मिळते, एवढ्यासाठी तरी. नोकरी मिळेलच या भरवशावर घरी बसू नये.

चाकणला गेलाच तर पहिल्या महिन्यापासून पगारपत्रक मागायचं आणि पीएफचं पासबुक मोबाइलवर स्वतः बघायचं. पगारातून कापलेले पैसे खात्यात भरले आहेत का, हे ठेकेदाराच्या तोंडी सांगण्यावर सोडू नये. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून गेटपासचा आणि हजेरीचा फोटो जवळ असावा. काम सोडताना अनुभवाचा दाखला घ्यायचाच. थोरल्याकडे यातलं काय काय आहे, ते आजच फोन करून विचारा.