वाढत्या मुलांचे दात: कशासाठी थांबावे, कशासाठी थांबू नये

मुलांच्या वेड्यावाकड्या दातांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन मागील अंकात केले होते. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत ‘तारा कोणत्या वयात लावाव्यात?’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे. त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण दात हाडातून सरकवण्याचे काम मोठेपणीही करता येते, मात्र जबड्याच्या वाढीला वळण लावण्याचे काम वाढ चालू आहे तोवरच होऊ शकते. म्हणून मुलाचे वय विचारण्याआधी दोष दातांचा आहे की जबड्याचा, हे पाहावे लागते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. तिचे वरचे पुढचे दोन दात आले ते फारच मोठे दिसतात, त्यांच्यामध्ये फट आहे आणि शेजारचे दात बाहेरच्या बाजूला तिरके येत आहेत. नणंद म्हणते, आताच तारा लावा, नंतर हाड पक्के होते. सासूबाई म्हणतात, दातांत फट असणे भाग्याचे असते, हात लावू नका. मी कोणाचे ऐकावे? (इंदिरानगर, नाशिक)

भाग्याविषयी मला काही सांगता येणार नाही, परंतु या बाबतीत सासूबाईंच्या बाजूने माझे मत आहे. वरचे मधले दोन पटाशीचे दात साधारणपणे ७ ते ८ व्या वर्षी, त्यांच्या शेजारचे ८ ते ९ व्या वर्षी आणि सुळे मात्र ११ ते १२ व्या वर्षी येतात. मधल्या काळात हे सुळे हाडामध्ये उंचावर असतात आणि त्यांचा दाब शेजारच्या दातांच्या मुळांवर पडतो, त्यामुळे मुळे जवळ येऊन दातांच्या कडा पंख्याच्या पात्यांसारख्या फाकतात. सुळे खाली उतरू लागले की दाबाची जागा बदलते आणि २ मिलिमीटरपर्यंतची फट बहुधा आपोआप मिटते. अमेरिकी दंततज्ज्ञ ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्येच ही अवस्था नैसर्गिक असल्याचे नोंदवले होते. दात मोठे दिसतात याचेही कारण साधे आहे: कायमचा दात पूर्ण आकारानेच उगवतो, चेहरा मात्र अजून लहान मुलीचा असतो.

या वयात घाईने तारा लावून ही मुळे सरळ केली, तर ती उतरणाऱ्या सुळ्याच्या वाटेत येऊन झिजण्याचा धोका असतो. म्हणजे येथे न थांबणे हेच नुकसानीचे ठरू शकते.

तरीही एकदा तपासणी अवश्य करून घ्यावी. दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जादा दात दडलेला असणे, शेजारचा दात मुळात तयारच झालेला नसणे, वरच्या ओठाच्या आतील मधली पट्टी जाड असून ती थेट दातांच्या मध्ये उतरलेली असणे, किंवा एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा न येणे, ही कारणे असतील तर नुसते थांबून भागत नाही. संपूर्ण जबड्याच्या एका एक्स-रेवरून, ज्याला दवाखान्यात ‘ओपीजी’ म्हणतात, यातील बहुतेक शंकांचा उलगडा होतो. मुलगी १० वर्षांची झाल्यावर वरच्या हिरडीवर, ओठाच्या बाजूने, सुळ्यांचा उंचवटा बोटाला लागतो का हेही दंतवैद्याकडून पाहून घ्यावे. तो न लागल्यास सुळा टाळूकडे वळला असल्याची शक्यता असते आणि अशा वेळी दुधाचा सुळा योग्य वेळी काढल्याने कायमचा सुळा पुष्कळदा आपल्या वाटेवर येतो.

एक इशारा देणे आवश्यक वाटते. दोन दातांभोवती रबर अडकवून घरीच फट मिटवण्याचे उपाय मोबाइलवर दाखवले जातात. दात मुळाकडे निमुळता होत गेलेला असल्याने ते रबर सरकत हिरडीखाली जाते, दिसेनासे होते आणि मुळाभोवतीचे हाड नष्ट करते. अशा प्रकारात निरोगी दात गमवावे लागलेले आहेत.

मुलगा ११ वर्षांचा आहे. वरचे दात खूप पुढे आहेत, ओठ मिटत नाहीत, शाळेत मुले चिडवतात. सिन्नरच्या डॉक्टरांनी काढता-घालता येणारे ‘ब्लॉक’चे उपकरण आताच वापरायला सांगितले. नाशिकमधील दुसऱ्या डॉक्टरांच्या मते सर्व कायमचे दात आल्यावर, १४ व्या वर्षी, एकदाच तारा लावाव्यात. दोनदा खर्च करण्याची माझी ऐपत नाही. (सिन्नर)

दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्याला आधार आहे, त्यामुळे कोणी आपली दिशाभूल करत आहे असे समजू नये. वरचे दात पुढे दिसतात तेव्हा पुष्कळ मुलांमध्ये वरचा जबडा जागेवरच असतो आणि खालचा मागे राहिलेला असतो. ज्या उपकरणाविषयी आपण लिहिले आहे, ते स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये प्रथम वापरले. वरच्या आणि खालच्या तबकड्यांवरील तिरपे ठोकळे एकमेकांवर बसले की तोंड मिटताना खालचा जबडा पुढेच धरावा लागतो. वाढीच्या काळात असे दिवसरात्र घडत राहिले की दातांचा मेळ सुधारतो. यातील किती सुधारणा जबडा वाढल्यामुळे होते आणि किती केवळ दात कलल्यामुळे, याविषयी तज्ज्ञांत आजही वाद आहे, आणि दात कलण्याचा वाटा आम्ही दंतवैद्य रुग्णांना सांगतो त्याहून मोठा असतो, असे माझे मत आहे.

या विषयावरील चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने एकत्रित आढावा घेतला आहे. ७ ते ११ या वयात एकदा आणि पुढे किशोरवयात पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार केलेल्या मुलांचा अंतिम परिणाम, किशोरवयात एकदाच उपचार केलेल्या मुलांपेक्षा सरस नव्हता. फरक दिसला तो एकाच बाबतीत: लवकर उपचार झालेल्यांचे पुढचे दात पडून-आपटून मोडण्याचे प्रमाण कमी होते.

आपल्या मुलाच्या बाबतीत यातून काय घ्यावे? मुलींची झपाट्याने वाढ साधारणपणे १० ते १२ आणि मुलांची १२ ते १४ या वयात होते. म्हणजे आपला मुलगा त्या उंबरठ्यावर आहे. १४ व्या वर्षापर्यंत थांबल्यास वाढीचा सर्वांत उपयोगी काळ निघून जाण्याची भीती आहे, तर आजच सुरुवात केल्यास उपचार उगाच लांबण्याची. डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढीचा टप्पा ओळखता येतो. घरातल्या भिंतीवर त्याच्या उंचीच्या खुणा असतील तर त्याही डॉक्टरांना सांगाव्यात, कारण गेल्या वर्षभरात उंची एकदम वाढू लागली असेल तर तीच योग्य वेळ असते. मुलगा सायकल फार चालवत असेल, एकदा पडून दाताला लागलेले असेल, किंवा चिडवण्यामुळे शाळेत जाण्यास तयार नसेल, तर ही कारणेसुद्धा आधी सुरुवात करण्यास पुरेशी आहेत. चिडवणे ही क्षुल्लक बाब आहे असे मी मानत नाही.

मात्र उपकरण सुरू करण्याआधी मुलाला समोर बसवून विचारावे. ते जवळजवळ दिवसभर, डॉक्टरांनी सांगितल्यास जेवतानाही, साधारण ९ ते १२ महिने वापरावे लागते. पहिल्या आठवड्यात बोलणे बोबडे होते आणि लाळ सुटते. जे उपकरण दप्तरात राहते त्याचा खर्च मात्र पूर्ण होतो. त्यानंतर बहुतेक मुलांना तारा लावाव्याच लागतात, म्हणून दोन्ही टप्प्यांचा एकत्रित खर्च आधीच लेखी मागून घ्यावा. पैशांची अडचण असल्यास पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारख्या अध्यापन रुग्णालयात चौकशी करावी. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च सहसा कमी येतो, अर्थात फेऱ्यांना वेळ अधिक द्यावा लागतो. उपचार करणाऱ्याने बीडीएसनंतर दात व जबडे सरळ करण्याच्या शाखेतील (ऑर्थोडॉन्टिक्स) तीन वर्षांची एमडीएस पदवी घेतली आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

माझा नातू सात वर्षांचा आहे. तोंड मिटले की त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येतात. त्याच्या आजोबांची ठेवण अशीच होती, त्यामुळे घरात कोणी मनावर घेत नाही. (पंचवटी, नाशिक)

आजी, आपण मनावर घेतले हे फार चांगले केले, कारण या अंकातील सर्व पत्रांत तातडीचे पत्र हेच आहे. घराण्यात अशी ठेवण असणे हे दुर्लक्ष करण्याचे कारण नसून लवकर तपासण्याचे कारण आहे.

काही मुलांमध्ये जबडे ठीक असतात, परंतु एखादा दात आडवा येत असल्यामुळे तोंड मिटताना मूल खालचा जबडा पुढे सरकवते. असे असल्यास जबडा हलकेच मागे घेतल्यावर पुढचे दात एकमेकांच्या टोकाला टेकतात, आणि मग साध्या उपकरणाने काही महिन्यांत दोष जातो. खरोखरच वरचा जबडा मागे राहिलेला असेल, तर कपाळाचा आणि हनुवटीचा आधार घेऊन वरच्या जबड्याला रबरांनी पुढे ओढणारा फेसमास्क वापरतात. तो रोज सुमारे १४ तास, म्हणजे शाळेव्यतिरिक्तचा आणि झोपेचा वेळ, लावावा लागतो. दहाव्या वर्षाच्या आत त्याचा परिणाम चांगला होतो. ब्रिटनमध्ये ७ ते ९ वर्षांच्या मुलांची सहा वर्षे पाहणी केल्यावर, फेसमास्क वापरलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना, तर न वापरलेल्यांपैकी ६६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल, असे तज्ज्ञांचे मत पडले. म्हणजे खात्री नाही, पण फरक मोठा आहे. खालचा जबडा मुलांमध्ये विशीच्या आसपासपर्यंत वाढत राहू शकतो, त्यामुळे सुधारणा झाल्यावरही दरवर्षी तपासणी चालू ठेवावी लागेल, हे नातवाच्या आईवडिलांना आताच सांगून ठेवावे.

मुलीची (वय ८) खालची दुधाची मागची दाढ किडल्यामुळे काढली. आता त्या जागी तारेचा फास बसवायला सांगतात. पडणाऱ्या दातासाठी हा खर्च कशाला? (निफाड)

सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेला टेकून उभी असते. तो आधार गेला की ती पुढे झुकते, आणि १० ते १२ व्या वर्षी येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. पुढे ती जागा परत मिळवण्यासाठी जो खर्च येतो, त्याच्या तुलनेत ती जागा राखून ठेवणारा हा फास स्वस्त आहे. खालची उपदाढ एक्स-रेमध्ये हिरडीच्या अगदी जवळ आलेली दिसत असेल तर फासाची गरज नसते, परंतु आठव्या वर्षी तसे क्वचितच असते. दुधाचा पुढचा दात गेला असता तर मी हा खर्च करू नका असेच सांगितले असते.

मुलीला (वय १३) नुकत्याच तारा बसवल्या आहेत. खाण्याचे काय पथ्य? (देवळाली कॅम्प)

कडक आणि चिकट, एवढे दोनच शत्रू लक्षात ठेवावेत. चिवड्यातले शेंगदाणे आणि डाळं, चिक्की, उसाचे कांडके, भाजलेले मक्याचे कणीस यांमुळे दातावर चिकटवलेली खिट्टी निघते, आणि ती निघाली की त्या दाताचे काम पुढच्या भेटीपर्यंत थांबते. मिसळ बंद करण्याची गरज नाही, रश्श्यात फरसाण भिजू द्यावे. भाकरी आमटीत कुस्करून, पेरू आणि सफरचंद फोडी करून खावे. द्राक्षे चालतात, बेदाणे मात्र दाताला चिकटून राहतात. खरी काळजी घ्यायची ती स्वच्छतेची, कारण खिट्टीभोवती अन्न साचले तर दातावर पांढरे डाग पडतात आणि तारा निघाल्यावरही ते राहतात. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा आणि तारेखाली लहान ब्रशने साफ करण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावावी.

मी १६ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी तारा निघाल्या. रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे उपकरण) सहलीत हरवला, घरी सांगितले नाही. आता खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढत आहेत. (नाशिक रोड)

प्रथम घरी सांग, कारण उशिराने यातला खर्च वाढतच जातो. सरकवलेल्या दातांभोवती हिरडीतील लवचिक तंतू ताणलेले असतात आणि नव्या जागेशी जुळवून घेण्यास त्यांना सुमारे वर्ष लागते, त्यामुळे आधार काढला की दात जुन्या जागेकडे ओढले जातात. थोडाच फरक पडलेला असेल तर नवा रिटेनर किंवा दातांवर बसवून ते सरकवणारे दोन-चार पारदर्शक साचे पुरतात, अधिक पडला असेल तर काही महिन्यांसाठी तारा पुन्हा लावाव्या लागतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस चिकटवायची बारीक तार तुझ्यासारख्यांना अधिक सोयीची, कारण ती हरवत नाही. उपचार संपले तेव्हा घेतलेला दातांचा साचा आधीच्या दवाखान्यात ठेवलेला असल्यास तो मागून घे आणि सोबत ने, म्हणजे दात नेमके किती हलले ते मोजता येईल.